पहिली मॅच देवाला

मार्चअखेर आयपीएल सुरू झाली की बोरिवली लोकलमध्ये, घाटकोपरच्या मेट्रो फलाटावर, मुलुंडच्या ऑफिसांत चहाच्या वेळी एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘पहिली मॅच देवाला.’ मुंबई इंडियन्सने 2013 ते 2025 अशा सलग 13 हंगामांत आपला सलामीचा सामना गमावला. कधी बेंगळुरूकडून दोन धावांनी, कधी चेन्नईकडून एका गड्याने, कधी वानखेडेवर दिल्लीकडून दणकून. आणि याच 13 वर्षांत या संघाने 2013, 2015, 2017, 2019 आणि 2020 अशी पाच विजेतेपदं मिळवली. पाचही वेळा सुरुवात पराभवानेच झाली होती. म्हणून मुंबईकर चाहता हरलेल्या सलामीकडे शुभशकुन म्हणून बघायला शिकला. पण त्याच 13 वर्षांत 2022 आणि 2024 हे हंगामही येतात, ज्यांत मुंबई दहा संघांत दहावी आली. त्या दोन्ही वर्षी पहिली मॅच देवालाच गेली होती. जो निकाल विजेत्याच्याही वाट्याला येतो आणि तळाच्या संघाच्याही, त्यावरून पुढचं काहीच सांगता येत नाही. आशा धरता येत नाही आणि निराशही होता येत नाही. माझं म्हणणं याहून थोडं पुढे जातं. हंगामाच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत आपण चाहते जे बोलतो त्यातलं बहुतेक निकालांवर बेतलेलं असतं, आणि निकाल हीच त्या दिवसांतली सर्वांत कमी बोलकी गोष्ट असते. बोलक्या गोष्टी शेजारीच पडलेल्या असतात, त्यांच्याकडे लक्ष जात नाही.

हे का होतं ते समजायला थोडं गणित पुरतं. समजा एखादा संघ खरोखर चांगला आहे, इतका की कोणताही सामना जिंकण्याची त्याची शक्यता 60 टक्के. आयपीएलच्या 14 साखळी सामन्यांत असा संघ साधारण आठ ते नऊ जिंकेल, म्हणजे बहुतेक वर्षी प्लेऑफमध्ये असेल. हा संघ पहिला सामना हरण्याची शक्यता तरीही 40 टक्के आहे. पहिल्या पाच सामन्यांत त्याच्या खात्यावर दोन किंवा त्याहून कमी विजय असण्याची शक्यता 32 टक्क्यांच्या आसपास निघते. आता उलट बाजू घ्या. दर सामन्यात फक्त 40 टक्के शक्यता असलेला कच्चा संघ पहिल्या पाचांत तीन किंवा जास्त सामने जिंकण्याची शक्यताही नेमकी तेवढीच, 32 टक्के. म्हणजे पाच सामन्यांनंतर गुणतक्ता पाहून ‘हा संघ चांगला, तो वाईट’ असं ठरवायला गेलं, तर अशा संघांबाबत तीनांत एकदा आपण सपशेल चुकणार. आणि पाचांत फक्त एक विजय किंवा तोही नाही, ही अवस्था चांगल्या संघावर यायची शक्यता सुमारे 9 टक्के. स्पर्धेत असे तीन-चार चांगले संघ धरले, तर दर तीन-चार वर्षांत एकदा त्यांपैकी कोणीतरी इतकं वाईट सुरू करणारच. त्यासाठी ड्रेसिंग रूममध्ये भांडण लागत नाही, कर्णधाराची मती फिरावी लागत नाही. नाणेफेक, दुसऱ्या डावात पडणारं दव, सीमारेषेवर सुटलेला एक झेल, एवढं पुरतं.

मुंबईच्या स्वतःच्या इतिहासात याचा पडताळा घेता येतो. 2014 मध्ये स्पर्धेचा पहिला टप्पा संयुक्त अरब अमिरातीत झाला आणि मुंबईने तिथले पाचच्या पाच सामने गमावले. भारतात परतल्यावर नऊपैकी सात जिंकले, आणि 25 मे रोजी वानखेडेवर राजस्थानविरुद्ध 190 धावांचा पाठलाग पंधराव्या षटकातच पूर्ण करून, आदित्य तरेच्या षटकारावर, प्लेऑफ गाठलं. 2015 मध्ये पहिले चार सामने हरले, सहा सामन्यांनंतर एकच विजय हाती होता. पुढच्या आठपैकी सात जिंकले आणि 24 मे रोजी ईडन गार्डन्सवर चेन्नईला 41 धावांनी हरवून करंडक उचलला. 2025 मध्ये पहिल्या पाचांत एक विजय, मग सलग सहा, आणि मजल दुसऱ्या क्वालिफायरपर्यंत. मात्र 2022 मध्ये पहिले आठच्या आठ सामने गेले आणि तिथून गाडी रुळावर आलीच नाही. 14 पैकी चार विजय, शेवटचा क्रमांक. चार हंगाम, सुरुवात जवळपास सारखी, शेवट चार तऱ्हांचे. ज्यांनी 2022 च्या एप्रिलमध्ये ‘2015 आठवा’ म्हणून धीर दिला ते चुकले, आणि ज्यांनी 2015 च्या एप्रिलमध्ये संघ मोडीत काढला तेही चुकले. दोघांच्याही हाती पुरावा एकाच प्रकारचा आणि तेवढाच तोकडा होता.

इथे एक रास्त आक्षेप येतो. एक पराभव योगायोग असेल, पण लागोपाठ 13 सलामीचे पराभव? नाणं 13 वेळा उडवून 13 वेळा काटाच पडण्याची शक्यता 8192 मध्ये एक. याला नशीब कसं म्हणायचं? पहिली गोष्ट अशी की हे सामने नाण्यासारखे समसमान नव्हते. 13 पैकी फक्त चार मुंबईत झाले. बाकीचे बेंगळुरू, कोलकाता, पुणे, चेन्नई, अहमदाबाद आणि अबुधाबी इथले, आणि समोर अनेकदा कोलकाता किंवा चेन्नई यांच्यासारखे तगडे संघ. प्रत्येक सामन्यात जिंकण्याची शक्यता 40 टक्के धरली तर हीच मालिका सुमारे 766 मध्ये एकदा घडते. दुसरी गोष्ट, आपण हा योगायोग आधी ठरवून शोधलेला नाही. क्रिकेटमध्ये शेकडो प्रकारचे योगायोग घडू शकतात: अमुक मैदानावर सलग इतके पराभव, तमुक संघाविरुद्ध इतके विजय. त्यांतला जो डोळ्यांत भरतो तोच लक्षात राहतो, न घडलेल्यांची मोजदाद कुणी ठेवत नाही. तरीही मी हा आक्षेप पूर्ण खोडून काढणार नाही. मुंबईला हंगामात उशिरा लय सापडते, हे खरंच असू शकतं. पण ते खरं असेल तर माझा मुद्दा अधिकच घट्ट होतो. सलामीचा सामना उरलेल्या हंगामापेक्षा वेगळ्या जातीचा असेल, तर त्यावरून हंगामाचा अंदाज बांधणं अधिकच गैर.

या प्रश्नावर उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीत खूप डोकेफोड झाली आहे, आणि त्यातून आपल्याला शिकण्यासारखं बरंच आहे. तिथली व्यावसायिक नॅशनल हॉकी लीग ऑक्टोबरमध्ये सुरू होते, प्रत्येक संघ 82 साखळी सामने खेळतो आणि स्टॅनले चषकाचा फैसला जूनमध्ये होतो. एका सामन्यात एक संघ साधारण 30 फटके गोलाच्या दिशेने मारतो आणि त्यातले तीनच्या आसपास आत जातात. इतक्या थोड्या गोलांवर निकाल ठरत असेल, तर एखादा फटका कुणाच्या तरी बुटाला लागून आत वळला की सामनाच फिरतो. म्हणून तिथल्या अभ्यासकांनी एक साधी बेरीज वापरात आणली, तिला ‘पीडीओ’ म्हणतात: आपल्या फटक्यांपैकी किती टक्के गोल झाले, अधिक प्रतिस्पर्ध्याच्या फटक्यांपैकी आपल्या गोलरक्षकाने किती टक्के अडवले. सगळ्या लीगची सरासरी 100 येते, कारण एकाचा गोल हा दुसऱ्याने न अडवलेला फटका असतो. ऑक्टोबरअखेर एखाद्या संघाची ही बेरीज 104 असेल तर तो गुणतक्त्यात वर दिसतो आणि चाहते चषकाची स्वप्नं पाहू लागतात. बेरीज 96 असेल तर प्रशिक्षकाला हाकलण्याची मागणी होते. पुढच्या महिन्यांत दोन्ही संघ बहुधा 100 कडे सरकतात. उत्तम गोलरक्षक किंवा नेमबाज असलेला संघ थोडा वर टिकतो, पण थोडाच. उलट, किती फटके मारले आणि किती मारू दिले, हा आकडा लवकर स्थिरावतो आणि संघाची खरी ताकद लवकर दाखवतो. सामन्याच्या निकालाऐवजी सामना कसा खेळला गेला ते मोजा, एवढंच हे शास्त्र सांगतं.

हाच चष्मा लावून अंधेरीकडे पाहू. वीरा देसाई रस्त्यावरच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलातलं फुटबॉल मैदान 2016 पासून मुंबई सिटी एफसीचं घर झालं. फुटबॉलमध्ये गोल आइस हॉकीहूनही कमी, म्हणजे नशिबाला वाव अधिक. या क्लबचा इंडियन सुपर लीगमधला पहिलाच सामना, 12 ऑक्टोबर 2014 ला कोलकात्यात, 0-3 असा गेला. सहा दिवसांनी नवी मुंबईत पुण्याच्या संघाला त्यांनी 5-0 ने हरवलं, आंद्रे मॉरित्सची हॅटट्रिक झाली. एका आठवड्यात ‘काही दम नाही’पासून ‘हेच जिंकणार’पर्यंतचा प्रवास झाला. हंगाम संपला तेव्हा मुंबई आठ संघांत सातवी होती. 2020-21 मध्ये प्रशिक्षक सर्जिओ लोबेरांच्या महागड्या संघाने नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्धचा पहिला सामना 0-1 असा गमावला. निकाल एवढाच पाहिला तर फजिती. पण अहमद जाहूला मध्यंतरापूर्वीच लाल कार्ड मिळालं होतं आणि अर्ध्याहून अधिक सामना संघ दहा जणांत खेळला होता, हे पाहिलं तर त्या निकालाला फार वजन देता येत नाही. त्या हंगामात साखळीतली ढालही त्यांनीच जिंकली आणि करंडकही. त्याच्या पुढच्याच वर्षी नेमकं उलट झालं. 2021-22 मध्ये गोव्याला 3-0 हरवून सुरुवात, मोहन बागानला 5-1, पहिल्या सहापैकी पाच विजय, तक्त्यात अव्वल. शेवटी संघ पाचवा आला आणि पहिल्या चारांचे प्लेऑफ हुकले. वाईट सुरुवातीने जशी दिशाभूल होते तशीच चांगल्या सुरुवातीनेही होते. फरक इतकाच की चांगल्या सुरुवातीनंतर फसगत झाल्याचं आपण पुढे विसरून जातो.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. सप्टेंबरातले गुण काय आणि फेब्रुवारीतले काय, तक्त्यात किंमत सारखीच. मग सुरुवातीचे सामने बिनमहत्त्वाचे कसे? ते बिनमहत्त्वाचे नाहीतच, आणि इथे दोन गोष्टींची गल्लत होते. मिळालेले गुण हे जमा झालेलं भांडवल असतं, ते पक्कं. संघ किती चांगला आहे याबद्दलचा त्यातून निघणारा अंदाज मात्र कच्चा. आइस हॉकीत एक जुना ठोकताळा आहे: नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेत थँक्सगिव्हिंगचा सण असतो, त्या दिवशी जे संघ प्लेऑफच्या जागांवर असतात त्यांतले ढोबळमानाने चारांतले तीन शेवटीही तिथेच असतात. हा ठोकताळा माझ्याविरुद्ध साक्ष देतो असं वाटेल. पण त्या तारखेपर्यंत संघांचे वीस-बावीस सामने झालेले असतात. आपल्या आयपीएलच्या पूर्ण साखळीहून जास्त. आणि तरीही चारांतला एक संघ बाहेर फेकला जातोच.

म्हणून सुरुवातीला किती वजन द्यायचं याचं उत्तर प्रत्येक स्पर्धेत वेगळं आहे. 82 सामन्यांच्या लीगमध्ये एक सामना म्हणजे सव्वा टक्का हंगाम. आयपीएलमध्ये सात टक्के. रणजी करंडकात 2024-25 च्या मोसमात गटात सातच सामने होते, म्हणजे एक सामना चौदा टक्क्यांहून अधिक. त्या मोसमात गतविजेत्या मुंबईने पहिलाच सामना बडोद्याकडून 84 धावांनी गमावला. तेव्हा चिंता करणाऱ्याला मी उतावीळ म्हणणार नाही. सातांतला एक गेला होता, आणि चार दिवसांच्या सामन्यात नशिबाला वीस षटकांच्या सामन्याइतका वाव नसतो. पुढे जानेवारीत वांद्रे-कुर्ला संकुलात जम्मू-काश्मीरनेही मुंबईला हरवलं, तरी संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि तिथे विदर्भाकडून हरला. वीस षटकांच्या खेळात मात्र हीच चिंता पहिल्या आठवड्यात करणं म्हणजे ढग दिसताच पेरणी करण्यासारखं आहे.

ज्याला अंदाज बांधायचाच आहे त्याच्यासाठी एक हिशेब घरबसल्या करण्यासारखा आहे. संघाच्या प्रत्यक्ष सामन्यांत मनाने दहा सामने मिळवायचे, त्यांतले पाच जिंकलेले आणि पाच हरलेले धरायचे. 2015 मधली मुंबई: सहापैकी एक विजय. दहा मिळवल्यावर सोळापैकी सहा, म्हणजे सुमारे 37 टक्के. नुसत्या निकालावरून तो आकडा 17 टक्के दिसत होता. सतरा टक्क्यांच्या संघाला कुणी वाचवू शकत नाही, 37 टक्क्यांच्या संघात दोन-तीन बदल केले तर आशा असते. दहा हा आकडा काही दगडावरची रेघ नाही. संघ जितके तुल्यबळ तितका तो वाढवायचा. आयपीएलमध्ये प्रत्येक मालकाला खर्चाची सारखीच मर्यादा असते, मोठ्या लिलावात संघ पुन्हा ढवळले जातात, त्यामुळे कोणताच संघ बाकीच्यांहून फार वर जात नाही. गुणवत्तेतला फरक लहान असला की नशिबाचा वाटा मोठा दिसतो. आइस हॉकीच्या लीगमध्येही 2005 पासून पगारांवर मर्यादा आहे आणि तिथेही हाच परिणाम दिसतो.

तिसरा आक्षेप मनाचा आहे आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चाहता काही हिशेबनीस नाही. चिडणं, सुस्कारे टाकणं, नावं ठेवणं हाच तर खेळ पाहण्याचा आनंद. हे मान्य. पण आपल्या चिडण्याचा परिणाम खऱ्या माणसांवर होतो. 2024 मध्ये हार्दिक पांड्याकडे मुंबई इंडियन्सचं कर्णधारपद आलं. नाराजीचं मूळ रोहित शर्माला बाजूला करण्यात होतं, आणि बोरिवलीत क्रिकेटचे धडे गिरवलेल्या रोहितवर उपनगरांचा जीव असणं स्वाभाविकच. पण पहिले तीन सामने हरल्यावर त्या नाराजीला जणू पुरावाच सापडला. अहमदाबादेत सुरू झालेली हुर्यो वानखेडेवर, घरच्या प्रेक्षकांतून, अधिक मोठी झाली. तिथे नाणेफेकीच्या वेळी समालोचक संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागा असं सांगावं लागलं. तीन महिन्यांच्या आत, 29 जून रोजी बार्बाडोसमध्ये, टी-20 विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचं शेवटचं षटक याच पांड्याने टाकलं आणि भारत सात धावांनी जिंकला. 4 जुलैला तेच वानखेडे त्याच्या नावाने दुमदुमलं. मुंबई त्या हंगामात तळाला गेली हे खरं, त्यात कर्णधाराच्या चुकाही असतील. पण मार्च-एप्रिलच्या त्या तीन सामन्यांवरून माणूस म्हणून आणि खेळाडू म्हणून त्याचा जो निवाडा केला गेला, तो अन्याय होता.

मग सुरुवातीच्या आठवड्यांत पाहायचं काय? माझ्या मते माणसं. कोण खेळतंय, कितव्या क्रमांकावर, कोणाच्या जागी. 2015 मध्ये मुंबईचा सलामीवीर आरन फिंच स्नायूच्या दुखापतीने बाहेर पडला. त्याच्या जागेवर स्थिरावलेल्या लेंडल सिमन्सने त्या हंगामात 540 धावा काढल्या. पराभवांपेक्षा हा बदल कितीतरी मोठी बातमी होती. 2025 ची सलामी चेन्नईत गेली, पण त्याच संध्याकाळी केरळच्या वरिष्ठ संघाकडून एकही सामना न खेळलेल्या विघ्नेश पुथूरने तीन बळी घेतले. आठ दिवसांनी वानखेडेवर अश्वनी कुमारने पदार्पणातच चार बळी घेतले, आणि तोच सामना मुंबईचा त्या हंगामातला पहिला विजय ठरला. आइस हॉकीतलं सर्वांत गाजलेलं पुनरागमनही असंच घडलं. सेंट लुई ब्लूज हा संघ 3 जानेवारी 2019 च्या सकाळी 31 संघांत शेवटचा होता. हंगाम सुरू झाला तेव्हा त्यांचा पंचविशीतला गोलरक्षक जॉर्डन बिनिंग्टन खालच्या लीगमध्ये, सॅन अँटोनियोत, खेळत होता. 7 जानेवारीला मुख्य संघातून प्रथमच सुरुवातीपासून खेळताना त्याने एकही गोल होऊ दिला नाही, आणि 12 जूनला ब्लूजने क्लबच्या इतिहासातला पहिला स्टॅनले चषक जिंकला. ऑक्टोबरातल्या मुख्य संघाच्या निकालांत याची चाहूल नव्हती. असलीच तर ती खालच्या लीगच्या धावत्या नोंदींत होती.

आपल्याकडे ही खालची पायरी पावसात भिजलेली असते. डॉ. होरमसजी कांगा यांच्या स्मृतीसाठी 1948 मध्ये सुरू झालेली कांगा लीग ‘ए’पासून ‘जी’पर्यंत सात विभागांत खेळली जाते, वर चढायचं आणि खाली उतरायचं. ओली खेळपट्टी, उंच वाढलेलं गवत, अंगावर येणारा चेंडू, आणि मधेच सर आली की सामना धुऊन निघणार. तिथल्या निकालांवरून नोव्हेंबरातल्या रणजीचा अंदाज बांधणं तर सर्वांत धोक्याचं, कारण सामने मोजके, काही वाहून गेलेले, आणि खेळपट्टी पुढच्या मोसमाशी अजिबात न जुळणारी. पण उडत्या चेंडूवर बॅट आखडती घेणारा एखादा कोवळा पोरगा तिथेच पहिल्यांदा दिसतो. कांदिवलीच्या पय्याडे स्पोर्ट्स क्लबसारख्या उपनगरी क्लबांनी अशा खेळाडूंना वर्षानुवर्षं मैदान दिलं आहे. वर्तमानपत्रात या सामन्यांना दोन ओळी मिळाल्या तरी नशीब. म्हणून ज्यांना हंगामाच्या सुरुवातीला मत द्यायची हौस आहे, त्यांनी ती इथे भागवावी. आझाद मैदानावर किंवा उपनगरातल्या एखाद्या जिमखान्यावर रविवारी सकाळी जा, तिकीट लागत नाही. कोण हरलं ते लिहून ठेवू नका. कोण कसं खेळलं ते लिहून ठेवा, तारखेसकट.